शिशाचे हात, जेवणाचे हात

आई पहिल्यांदा आमच्याकडे ओहायोला राहायला आली, तेव्हाची ही गोष्ट. संध्याकाळी कामावरून परतलो तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर बिडाचं आप्पेपात्र पालथं घातलेलं. चिंच लावून घासलेलं, पुसून कोरडं केलेलं, वर तेलाचा हात फिरवलेला. आई म्हणाली, "अरे, एवढं चांगलं बिडाचं पात्र गॅरेजात काय टाकून दिलंयस? उद्या सकाळी पोरीला आप्पे करते."

ते पात्र खरं तर आप्प्यांचं नव्हतंच. डेन्मार्कमधले लोक एबलस्किवर नावाचे गोड गोळे करतात, त्यांचं ते भांडं, आपल्या आप्पेपात्राचं सख्खं भावंड. जुन्या वस्तूंच्या दुकानात मला ते स्वस्तात मिळालं होतं. त्यात मी दोन वर्षं वितळलेलं शिसं ओतून लगडी पाडत होतो.

त्या रात्री सिंक, ओटा, घासणी, तेलाची वाटी आणि आईचे हात यांच्यामागे मी किती वेळ होतो ते आठवत नाही. पात्र कायमचं बाद झालं. पुढच्या आठवड्यात आम्ही घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी ठीक निघाल्या. माझ्या रक्तात मात्र दर डेसिलिटरला १७ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. मला धक्का बसला, कारण मी स्वतःला फार काळजीवाला समजत होतो. शिसं वितळवताना पंखा लावायचो, तोंडावर मास्क चढवायचो, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवायचो. मग हे अंगात आलं कुठून? त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितो आहे. नेमबाजी करणाऱ्यांनी ते वाचावं, आणि ज्यांच्या घरात नेमबाज आहे त्यांनी तर नक्कीच वाचावं.

छंद ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली की पितळेची रिकामी पुंगळी मागे राहते. तिच्यात नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची छोटी टोपी), मोजून घातलेली दारू आणि नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार होतं. अमेरिकेत हजारो हौशी नेमबाज स्वतःपुरती काडतुसं अशी घरी भरतात. त्यातले काही गोळीही घरीच ओततात, शिशात थोडं कथील आणि अँटिमनी मिसळून. स्वतःच्या वापरासाठी हे करायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी केलं तर लागतो. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा लेख वाचून घरात काही करायला जाऊ नये. अमेरिकेतल्यांनीही दारू किती आणि कोणती हे या लेखात शोधू नये. ते छापील मॅन्युअल उघडून, त्यातल्या आकड्यांना धरूनच करायचं काम आहे. इथे बोलायचंय ते फक्त शिशाबद्दल, आणि ते सगळ्यांना लागू आहे. १० मीटर एअर रायफलचा छर्रा सहसा शिशाचाच असतो. ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल प्रकारात वापरल्या जाणाऱ्या .२२ च्या काडतुसातली गोळीही शिशाचीच.

धूर नव्हे, धूळ

शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. गोळ्या ओतताना ते साधारण ३५० ते ४०० अंशांवर ठेवतात. त्याचा उत्कलनबिंदू आहे १७४९ अंश. म्हणजे तापमान हाताबाहेर जाऊ दिलं नाही, तर भांड्यातून शिशाची वाफ फारशी उठत नाही. वर दिसणारा धूर बहुतेक वेळा मेणाचा किंवा गोळीला लावलेल्या वंगणाचा असतो. मी त्या धुराला घाबरलो आणि खऱ्या शत्रूकडे पाठ करून उभा राहिलो.

खरा शत्रू म्हणजे वितळलेल्या शिशावर तरंगणारी राखाडी मळी. ती चमच्याने काढून डब्यात टाकली की तिची बारीक पूड उडते. ही पूड म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि ते पोटात गेलं की अंगात सहज शोषलं जातं. चकचकीत लगड हातात धरण्यापेक्षा ही मळी चाळवणं जास्त घातक.

दुसरा शत्रू याहूनही छुपा आहे. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट नावाचं शिशाचं संयुग असतं. गोळी झाडली की त्याची राख पुंगळीच्या आत राहते. पुंगळ्या साफ करायला आम्ही टम्बलर नावाचं फिरतं भांडं वापरतो. त्यात मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुसा घालून पुंगळ्या तासन् तास घोळवतात. झाकण उघडलं की धुरळा तोंडावर येतो. मग पुंगळ्या चाळणीत ओतायच्या आणि खडखड हलवायच्या. रेंजवर झाडलेल्या शेकडो गोळ्यांच्या प्रायमरची राख त्या भुशात साठलेली असते. हे काम मी दोन वर्षं मास्कशिवाय आणि हातमोज्यांशिवाय केलं, बहुतेकदा शनिवारी रात्री, शेजारी चहाचा कप ठेवून. माझे १७ मायक्रोग्रॅम कुठून आले याचं सर्वांत मोठं उत्तर तो चहाचा कप आहे, अशी माझी खात्री आहे.

हे टाळायचं तर पुंगळ्या ओल्या धुवाव्यात. पाणी, थोडा साबण आणि पोलादाच्या बारीक पिना घालून फिरवणारे टम्बलर मिळतात. ओल्यात धुरळा उडत नाही. ते गढूळ पाणी मात्र स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या सिंकमध्ये ओतू नये. कोरडा भुसाच वापरायचा असेल तर टम्बलर घराबाहेर ठेवावा, त्यात थोडं मिनरल स्पिरिट टाकावं म्हणजे धूळ बसते, आणि झाकण उघडण्याआधी तो बंद करून काही मिनिटं तसाच राहू द्यावा. चाळताना चांगला बसणारा पी-१०० मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच.

आपण हाताने जेवणारी माणसं

अमेरिकन पुस्तकांत एक गोष्ट लिहिलेली नसते, कारण त्यांना ती सुचत नाही. ते लोक काट्याचमच्याने जेवतात. आपण हाताने वरणभात कालवतो, पोळीचा तुकडा मोडतो, मुलांना घास भरवतो. शिशाची धूळ त्वचेतून अंगात फारशी जात नाही. ती बोटांच्या रेघांत, नखांच्या कडांत बसून राहते आणि तिथून पोटात जाते. त्यामुळे हात धुण्याचा जो नियम त्यांच्यासाठी एकपट महत्त्वाचा, तो आपल्यासाठी दुप्पट आहे.

तंबाखूची सवय असलेल्यांनी तर हे फारच गंभीरपणे घ्यावं. तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन अंगठ्याने मळायचा आणि ओठाखाली ठेवायचा, याहून सरळ रस्ता शिशाला मिळणं कठीण आहे. सिगारेट ओढणाऱ्यांचंही तेच. बोटांवरची धूळ ओठांना लागते, आणि पेटत्या टोकाच्या उष्णतेने तिचा धूरही होतो.

हात कसे धुवायचे? साध्या साबणाने बरंचसं शिसं जातं, सगळं जात नाही. शिसं पकडून ठेवणारी रसायनं घातलेले खास साबण आणि पुसायचे ओले कागद नेमबाजांच्या दुकानात मिळतात, ते घ्यावेत. पाणी गार की कोमट यावर लोक वाद घालतात. मला विचाराल तर किती वेळ चोळता आणि नखं घासता का, याला जास्त महत्त्व आहे. नखं कापलेली असावीत. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो: सॅनिटायझर शिशावर काही कामाचं नाही. करोनानंतर पुष्कळांना अशी सवय लागली आहे की दोन थेंब चोळले की हात स्वच्छ झाले. सॅनिटायझर जंतू मारतं. शिसं हा जंतू नाही. ते फक्त हातावर पसरतं.

रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. जेवलेल्या माणसापेक्षा उपाशी माणसाच्या आतड्यातून ते कितीतरी पटींनी अंगात जातं. म्हणून मी सकाळचं पोटभर खाल्ल्याशिवाय भट्टीपाशी जात नाही, आणि एकादशीला किंवा चतुर्थीला ओतकाम करत नाही. माझ्या आईला ही शिस्त श्रद्धेची वाटते. माझं कारण वेगळं आहे, पण दोघांचं समाधान होतं.

आहारात कॅल्शियम आणि लोह पुरेसं असेल तर शिशाला शिरायला जागा कमी मिळते, कारण आतड्यात शिसं त्याच वाटेने शिरतं ज्या वाटेने हे दोघं जातात. नाचणीची भाकरी, दूध, ताक, तीळ, पालेभाज्या, वर लिंबू किंवा आवळा, हे आपलं साधं जेवण इथे उपयोगाचं आहे. पण जेवणाने शिसं बाहेर निघत नाही, आत जाणं थोडं कमी होतं एवढंच.

उंबऱ्याबाहेर

आमच्या गावाकडे स्मशानातून परतलेला माणूस घरात शिरत नाही. अंगणात पाणी ठेवलेलं असतं. तिथे आंघोळ, कपडे तिथेच भिजवायचे, मग उंबरा ओलांडायचा. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. आता गॅरेज आणि घर यांच्यामधल्या दाराला मी तोच उंबरा मानतो.

गॅरेजात कामाचे बूट वेगळे. ते आत येत नाहीत. कामाचा लांब बाह्यांचा सुती अंगरखा तिथेच खुंटीवर असतो, तो झटकायचा नाही, गुंडाळून पिशवीत घालायचा आणि घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवायचा. काम संपलं की हात, मनगट आणि चेहरा तिथल्याच नळावर धुवायचा, मग घरात येऊन थेट आंघोळ. मुलगी दाराशी धावत आली तरी आंघोळ होईपर्यंत तिला उचलायचं नाही. पहिले काही महिने ती रुसायची. एकदा तिला समजावताना मी म्हणालो, हे शिसं पोटात गेलं तर वाईट. ती घाबरून म्हणाली, मग माझी शिसपेन्सिल? नावात शिसं असलं तरी पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. आपल्या भाषेतल्या या जुन्या गैरसमजातून लहान मुलांना वेळीच बाहेर काढायला हवं, नाहीतर पेन्सिल चावण्याची भीती राहते आणि खऱ्या शिशाकडे दुर्लक्ष होतं.

सगळ्यांत जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे मोबाइल. रेंजवर शिशाच्या हातांनी तो उचलतो, मग हात स्वच्छ धुतो, आणि धुतलेल्या हातांनी पुन्हा तोच मोबाइल घेऊन जेवायला बसतो. कानावरचे मफ, चष्मा, गाडीचं स्टिअरिंग, घराची किल्ली यांचंही तेच. मी रेंजवर मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि पिशवी तिथेच टाकून येतो. रेंजची बॅग गाडीच्या डिकीत असते, मुलीच्या सीटशेजारी कधीच नाही.

गॅरेज झाडूने झाडू नये. कोरडं झाडलं की बसलेली धूळ उठते आणि तासभर हवेत राहते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर याहून वाईट, कारण त्याच्या जाळीतून बारीक कण मागच्या बाजूने सरळ बाहेर पडतात. हेपा फिल्टरचा वेगळा व्हॅक्यूम वापरावा, नाहीतर ओल्या टाकाऊ कागदाने पुसावं आणि कागद बंद पिशवीत घालावा. जमिनीवर कापडी सतरंजी किंवा गालिचा नको, कारण त्यात बसलेलं शिसं निघता निघत नाही.

आणि भांडी. शिसं एकदा लागलेलं भांडं, चमचा, झारा किंवा छोटी भट्टी पुन्हा अन्नाजवळ येता कामा नये. गोळ्यांना रंगाचा थर देण्यासाठी काही जण जुना टोस्टर ओव्हन वापरतात. तसा थर दिला की गोळी हाताळताना शिसं कमी लागतं, हे खरं. पण तो ओव्हन मग कायमचा गॅरेजचा. माझ्याकडच्या प्रत्येक अशा वस्तूवर आता तैलरंगाने लाल फुली मारलेली आहे. लगडीच्या नव्या पात्राच्या प्रत्येक वाटीला बाहेरून लाल रंग आहे आणि दांडीवर मराठीत 'शिसं' असं लिहिलेलं आहे. कुणी कितीही कामसू पाहुणा घरी आला तरी त्याला वाचून कळेल. निव्वळ सांगून ठेवणं पुरत नाही. तुम्ही घरी नसताना ती वस्तू कुणाच्या तरी हाती लागणार असते.

भट्टीपाशी

विषाइतकीच भीती भाजण्याची आहे, आणि तिला वेळ लागत नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होते, आकार सोळाशे पटींहून जास्त वाढतो आणि शिसं भांड्याबाहेर उडतं. कपाळावरून ओघळलेला घाम, पावसात भिजलेली लगड, गार कोपऱ्यात दव धरलेला चमचा, यातलं काहीही पुरेसं आहे. म्हणून भट्टीत घालायची प्रत्येक गोष्ट आधी कोरडी आणि गरम करायची. थंड लगडी भट्टी बंद असतानाच घालायच्या. तोंडावर पूर्ण काच असलेला मुखवटा, चामड्याचे हातमोजे, सुती पँट आणि बंद बूट हवेत. नायलॉन, पॉलिएस्टर अंगावर नकोच, ते वितळून कातडीला चिकटतं.

गाडीच्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवू नका. त्यात आम्ल असतं, आणि पट्ट्यांतल्या मिश्रधातूंमुळे आर्सेनिकचे अतिविषारी वायू तयार होऊ शकतात. काही जण गाडीच्या चाकांना लावलेली शिशाची वजनंही वितळवतात, पण त्यांत आता जस्ताची वजनं मिसळलेली असतात. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं, म्हणून तापमान कमी ठेवलं तर ती तरंगताना दिसतात आणि चमच्याने काढता येतात. रेंजच्या मातीतून वेचलेलं शिसं घेणार असाल तर प्रत्येक ढेकूळ डोळ्यांनी बघा. त्यात न फुटलेलं काडतूस असलं तर भट्टीत ते फुटणार. भट्टी चालू असताना लहान मुलं आणि प्राणी गॅरेजात नकोत, हे वेगळं सांगायची गरज नाही.

रेंजवर

बंदिस्त रेंजवर हवा तुमच्या पाठीकडून लक्ष्याकडे वाहायला हवी. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने नेमबाजाच्या जागी दर मिनिटाला ७५ फूट वेगाची शिफारस केली आहे. म्हणजे अगदी मंद, पण मानेवर जाणवणारी झुळूक. तुम्हाला ती झुळूक लागत नसेल आणि झाडल्यावर धूर तुमच्याच तोंडाकडे येत असेल, तर फीचे पैसे गेले असं समजून परत फिरा. हवेतल्या शिशाचा मोठा वाटा प्रायमरचा आणि गोळीच्या उघड्या तळाचा असतो. शिसंविरहित प्रायमर आणि पूर्ण आच्छादलेली गोळी वापरली तर हवेतलं शिसं खूप कमी होतं. साधी ओतीव गोळी आणि साधा प्रायमर वापरायचा असेल, तर माझी पसंती कायम उघड्या रेंजला.

तिथे काम करणाऱ्या माणसांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपण आठवड्यातून दोन तास तिथे असतो. लक्ष्याची पाटी बदलणारा, गोळ्या अडवणाऱ्या वाळूतून शिसं काढणारा, केरसुणीने पुंगळ्या एकत्र करणारा माणूस रोज आठ तास असतो. अमेरिकेच्या १९७८ च्या नियमानुसार कामगाराच्या भोवतालच्या हवेत आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असता कामा नये. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून ही मर्यादा १० वर आणली आहे. तुमच्या क्लबात या माणसांना मास्क आणि हातमोजे मिळतात का, त्यांचं रक्त तपासलं जातं का, हे समितीच्या बैठकीत विचारा. विचारणारा एक सदस्य असला तरी फरक पडतो. नाहीतर कुणी लक्षच देत नाही.

कोल्हापूरच्या पोरांसाठी

कोल्हापूरने नेमबाजीत देशाला काय दिलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, आणि राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य आणलं. त्यांच्याकडे बघून आज महाराष्ट्रात दहा-बारा वर्षांची मुलं एअर रायफल हातात घेतात. म्हणून पालकांना आणि प्रशिक्षकांना हे सांगणं मला माझ्या गॅरेजच्या गोष्टीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

एअर रायफलमध्ये प्रायमर नाही, धूर नाही, त्यामुळे धोका कमी आहे. पण नसतो असं नाही. छर्ऱ्यांचा डबा उघडला की तळाशी राखाडी भुकटी दिसते, ते शिसंच. मुलं रोज शेकडो छर्रे बोटांनी उचलतात. काही जण दोन-तीन छर्रे ओठांत धरून ठेवतात, म्हणजे भरताना डब्याकडे वळावं लागत नाही. ही सवय दिसली तर त्याच क्षणी मोडा. रेंजवर पोह्यांचा डबा उघडायचाच नाही, असा नियम करा. जेवणाचा डबा रेंजबाहेर, हात धुतल्यावर. पाण्याची बाटली तोंड झाकलेली हवी. छर्रे अडवणाऱ्या पेट्या मुलांकडून साफ करून घेऊ नयेत, बक्षीस म्हणूनही नाही आणि शिक्षा म्हणून तर नाहीच.

प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषला जातो. लहान मुलात हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, आणि त्यांचा मेंदू घडत असतो. शिशाची सुरक्षित अशी पातळी कोणतीही माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भवती बाईने आणि गर्भधारणेची तयारी करणाऱ्या बाईने शिसं वितळवण्याच्या, पुंगळ्या साफ करण्याच्या आणि बंदिस्त रेंजच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. शिसं नाळेतून बाळापर्यंत जातं. शिवाय पूर्वी हाडांत साठलेलं शिसंही गरोदरपणात कॅल्शियमबरोबर सुटून रक्तात येतं. म्हणून नवरा नेमबाज असेल तर त्या नऊ महिन्यांत त्यानेही कपड्यांची आणि बुटांची शिस्त दुप्पट पाळावी.

रक्ताची तपासणी

शिशाचा त्रास सुरुवातीला कळत नाही. पोटात कळ, बद्धकोष्ठ, चिडचिड, सांधेदुखी, विसराळूपणा, वाढलेला रक्तदाब, ही लक्षणं येतात तेव्हा आपण ती कामाच्या ताणावर ढकलतो. मीही सहा महिने तेच केलं. रक्त तपासण्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

तपासणी शिरेतल्या रक्ताचीच करून घ्या. बोट टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरचंच शिसं मिसळून आकडा खोटा वाढू शकतो, आणि नेमबाजाच्या बोटावर ते असण्याची शक्यता इतरांहून जास्त. डॉक्टरांना छंद आपणहून सांगा, ते विचारणार नाहीत. घरातल्या मुलांचंही बघून घ्या. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये मुलांसाठी संदर्भ पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली, त्यावर आकडा आला तर शिसं कुठून येतंय ते शोधायचं. छंद सुरू करण्याआधी एकदा, मग नियमित काम करत असाल तर सहा महिन्यांनी एकदा, असं मी धरलं आहे.

रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण ते सगळं बाहेर जात नाही, बरंच हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. प्रौढाच्या अंगातल्या शिशाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग हाडांत असतो. त्यामुळे आकडा पटकन उतरेल अशी आशा धरू नका. शिसं हाताळणं पूर्ण बंद ठेवल्यावर माझा १७ चा आकडा तीन महिन्यांनी ११ झाला, आणि वर्षाने ६. शिसं ओढून काढणारी औषधं असतात, पण ती मोठ्या आकड्यांसाठी, मुलांत साधारण ४५ च्या वर, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. इंटरनेटवरून मागवून घेण्याची ती वस्तू नाही.

आपल्या घरांत शिशाच्या आणखी दोन वाटा असतात, त्या डॉक्टरांना सांगायला विसरू नका. आयुर्वेदातल्या रसौषधींत नाग म्हणजे शिसं, आणि नागभस्म हे त्याचंच भस्म. २०१२ मध्ये सीडीसीने न्यूयॉर्क शहरातल्या सहा गर्भवतींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तात वाढलेलं शिसं भारतातून आलेल्या आयुर्वेदिक औषधांतून आलं होतं. दुसरी वाट हळदीची. रंग पिवळाधमक दिसावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याची भेसळ होते. सामानातून गावाकडची सुटी हळद आणली असेल आणि रक्तातला आकडा सगळी शिस्त पाळूनही उतरत नसेल, तर तीही तपासून घ्या. माझ्या बाबतीत हळद निर्दोष निघाली. दोष टम्बलरचाच होता.

राहिला कचरा. मळीचा डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा आणि वर नाव लिहिलेला असावा. तो घरच्या कचऱ्यात जात नाही, परसात पुरायचा नाही. इथल्या बऱ्याच काउंट्यांत घातक कचरा गोळा करण्याचे ठरावीक दिवस असतात. त्या दिवशी मळी, वापरलेला भुसा, पुसायचे कागद आणि मास्कचे जुने फिल्टर एकत्र घेऊन जा. माझ्या गॅरेजच्या दारामागे त्या तारखांचा कागद चिकटवलेला आहे, लाल फुलीवाल्या पात्राच्या अगदी शेजारी.